मायचा वाढलेला मुक्काम

आमच्या सासूबाईंचं बाप्तिस्म्याचं नाव मार्गारेट. घराबाहेर ते फक्त फादरना ठाऊक असावं. छावणीतल्या आमच्या गल्लीत सगळे त्यांना मनकर्णाबाई म्हणतात आणि मी आत्याबाई म्हणते. धर्मग्रामाच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, महिला मंडळाच्या त्या अध्यक्ष. निवडणूक दर वर्षी होते, पण त्यांच्या विरोधात उभं राहायची कुणाची छाती होत नाही. मिस्साला, म्हणजे रविवारच्या उपासनेला, त्या पहिल्या बाकावर बसतात, आणि प्रवचन लांबलं की फादरना दिसेल अशा बेताने घड्याळ बघतात.

मी त्यांची सून, करुणा. माहेर सिल्लोडचं. माझी जीभ तिखट आहे असं आत्याबाई सगळ्यांना सांगतात. कोण सांगतंय ते बघा.

आमच्याकडे मरियामातेचा एक पुतळा घरोघर मुक्कामाला जातो. दोन हात उंच, निळा शेला, जोडलेले हात, आणि पायाखाली साप. तो साप म्हणजे सैतान, माय त्याला टाचेखाली दाबून उभी आहे. काही दिवस एका घरी, मग दुसऱ्या घरी. माय निघाली की सगळ्या गल्लीला वळसा घालून गाणी म्हणत तिला मिरवायचं, मग पुढचं घर अगदी समोर का असेना. उंबऱ्यात त्या घरच्या बाईने कोमट पाण्याने तिचे पाय धुवायचे, पदराने पुसायचे, आणि मग सगळ्यांनी पायांचं चुंबन घ्यायचं. हे पाय धुणं फादरच्या कुठल्या पुस्तकात नाही. पाहुणी बाहेरून आली तर पायावर पाणी घालायचं, ही आमच्या म्हाताऱ्यांनी खेड्यावरून आणलेली रीत. ती नीट ध्यानात ठेवा, कारण पुढचा सगळा घोळ या पाय धुण्यावरूनच झाला.

त्या मार्च महिन्यात माय आमच्या घरी आली. पुढची पाळी समोरच्या दगडाबाई शिनगारेची होती.

दगडाबाई आणि आत्याबाई एकाच वर्षी लग्न होऊन या गल्लीत आल्या. एकमेकींना अगंतुगं करतात, आणि एकीचं बरं चाललेलं दुसरीला फारसं सोसत नाही. दगडाबाई दवाखान्यात मावशी आहे, म्हणजे वॉर्ड झाडण्यापासून पेशंटची कूस बदलण्यापर्यंत सगळं तीच करते. नवरा लवकर गेला. उभा जन्म पत्र्याच्या खोलीत काढला. मायची पाळी लावताना तिला विचारलं की म्हणायची, "माझ्या पत्र्याखाली माय उकडून निघंल. घर होऊ द्या, मग नेते." लोक हसायचे. पण तिने खरंच घर बांधलं, स्लॅबचं. स्वयंपाकघरात अजून ओटा नव्हता, पण खिडकीसमोरच्या भिंतीत मायसाठी कोनाडा तयार होता. त्याला निळ्या फरश्या, वर कमान, आणि कमानीला बल्बांची माळ. माय एकदा आपल्या घरी यावी, यापलीकडे त्या बाईला काही नको होतं. देवदूताने मरियेला निरोप दिला तो सण बुधवारी होता. त्याच दिवशी माय तिच्याकडे जायची होती.

मंगळवारी संध्याकाळी टीव्हीवर सांगितलं की सगळं बंद.

दगडाबाई दारात आली. तिच्या अंगावर नवं लुगडं होतं. ती एक दिवस आधीच नेसून बघत असावी.

"मनकर्णे, आता?"

"आता काय? माय हाय तिथं राहील. फादरला फोन केला व्हता मी."

फादर वसईचे, आमच्याकडे नवीनच आलेले, स्वभावाने गरीब. ते फोनवर एवढंच म्हणाले होते, "तुमचं तुम्ही ठरवा, बाई." आत्याबाईंनी ठरवलं.

"बरं," दगडाबाई म्हणाली, "मंग निदान मायचं तोंड तरी इकडं कर. म्या माझ्या खिडकीतून रोझरी म्हणंन."

"म्हंजी मायची पाठ आमच्याकडं? नाय जमायचं."

त्या संध्याकाळी दगडाबाईने कोनाड्यातली बल्बांची माळ लावली आणि रिकाम्या कोनाड्यापुढे बसून, जपमाळेचा एकेक मणी सरकवत, रोझरी म्हटली. आमच्या खिडकीतून सगळं दिसत होतं. मग रोजच तसं सुरू झालं. मला ते बघवत नसे, म्हणून मी त्या वेळेला पोळ्या लाटायला बसायचे.

इकडे आमच्या घराचं तर चर्चच झालं होतं. माय बैठकीत टीव्हीशेजारी उभी. तिच्यासमोर मालिका बघायची नाही, भांडायचं नाही, मामांनी बनियनवर बसायचं नाही. मामा म्हणजे माझे सासरे, कडुबा. तरुणपणी ट्रकच्या मागे मोर आणि कमळं रंगवायचे. आता नुसते बसून असतात आणि हळू आवाजात विनोद करतात. मायपुढे विनोद बंद झाल्यावर त्यांना करायला काही उरलं नाही. माझा नवरा राजेंद्र शेंद्र्याच्या कंपनीत आहे. तोही घरी. रविवारी फादरची मिस्सा मोबाइलवरून टीव्हीला जोडायची, आणि आम्ही चौघांनी न्हाऊनधुऊन टीव्हीपुढे उठाबशा काढायच्या. ऐन ख्रिस्तप्रसादाच्या वेळेला मधेच चड्डी-बनियनची जाहिरात लागली. आत्याबाई गुडघ्यावर होत्या, त्यांनी जाहिरातीलाही क्रूस काढला.

"आत्याबाई, ती जाहिरात होती," मी म्हणाले.

"मला कळतंय. मधेच उठू का मंग?"

आता त्या पायांकडे येते.

माय आमच्याकडे आली त्या दिवशी सगळ्या गल्लीने तिच्या पायांचं चुंबन घेतलं होतं. शेवटी पलीकडचे सांडूदादा. त्यांनी चुंबन घेतलं आणि तिथेच एक दणदणीत शिंक दिली. तेव्हा कुणाला काही वाटलं नव्हतं. पण टीव्हीवर विषाणू दाखवायला लागले तशी आत्याबाईंना ती शिंक आठवली. त्यांनी सॅनिटायझरची मोठी बाटली मागवली आणि रोज रोझरीच्या आधी आणि नंतर मायच्या पायांवर फवारून कापसाने खसाखसा पुसायला सुरुवात केली.

"मायला काय व्हणार नाय," त्या म्हणायच्या, "पण मायकडून आपल्याला व्हायला नको."

ईस्टरपर्यंत मायच्या अंगठ्याचं टोक पांढरं झालं. आत्याबाईंना वाटलं, इतक्या वर्षांचा मळ निघतोय. त्या आणखी जोर लावून पुसायला लागल्या.

"बघ करुणा, कसे लख्ख व्हाय लागले."

मी बघितलं. लख्ख नव्हे, रंग उडून आतलं प्लास्टर दिसायला लागलं होतं. मी तसं सांगितलं. आत्याबाई म्हणाल्या, तुला भक्ती कळत नाही. मग एके दिवशी त्यांच्या हातातल्या कापसावर हिरवा रंग आला आणि त्या किंचाळल्या. सापाचं डोकं गेलं होतं. म्हणजे डोकं होतं जागेवर, पण पांढरंफटक, ना डोळे ना तोंड. मायचे दोन्ही पाय घोट्यापर्यंत सोललेले, आणि खाली बिनतोंडाचा सैतान.

महिला मंडळाच्या अध्यक्षांनी स्वतःच्या हाताने मायचे पाय खराब केले होते. आत्याबाई भिंतीला टेकून बसल्या. एवढ्या घाबरलेल्या मी त्यांना पहिल्यांदा बघितलं.

"कुनाला सांगायचं नाय," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून, "तुझी ती नखाची बाटली हाय का?"

ही तीच नेलपॉलिश, जिच्यावरून दिवाळीत त्यांनी मला प्रवचन दिलं होतं की ख्रिस्ती घरातल्या सुनेला हे थेर शोभत नाहीत. मी मुकाट्याने आणून दिली. बदामी रंगाची बाटली उजव्या पायातच संपली. डाव्याला गुलाबी लावावी लागली, आणि त्या गुलाबीत चमकी होती. वाळल्यावर माय एका पायाने साधी आणि दुसऱ्या पायाने वरातीला निघाल्यासारखी दिसायला लागली. दुसऱ्या दिवशी रोझरीआधी आत्याबाईंनी सवयीने पुन्हा सॅनिटायझर मारलं. निम्मी नेलपॉलिश कापसावर आली.

साप मामांकडे सोपवला. दाराला लावून उरलेला हिरवा ऑइलपेंट होता. मामा किती दिवसांनी खुशीत आले. चष्मा लावला, ब्रशचं टोक कातरलं, अख्खी सकाळ खपून त्यांनी साप रंगवला. पोपटी अंग, पिवळे ठिपके, पापण्यांचे केस असलेले डोळे, आणि कानापर्यंत गेलेलं हसू.

"अहो, हा हसतोय!" आत्याबाई ओरडल्या.

"हात थरथरला जरा. तोंड वर गेलं."

"सैतान हाय तो! मायच्या पायाखाली हाय!"

"मंग काय त्याला रडवू? मला रडकं चित्र येत नाय. ट्रकवर कुनी काढून घेत नव्हतं."

आता खरी पंचाईत कळली का? माय दगडाबाईकडे गेली की दगडाबाई उंबऱ्यात तिचे पाय धुणार. पाय धुताना पाय दिसणार, साप दिसणार, आणि दिवे लागायच्या आत सगळ्या धर्मग्रामाला कळणार. म्हणून माय आमच्याच घरी राहिली पाहिजे होती. रोग तर होताच मदतीला.

जूनमध्ये जरा मोकळं झालं तशी दगडाबाई पुन्हा दारात आली. आत्याबाई म्हणाल्या, मिरवणुकीबिगर माय हलत नाही, आणि मिरवणुकीला बंदी आहे. दगडाबाई गेली. भाजीवाला हबीब गाडीवर कोथिंबिरीला पाणी मारत हे सगळं ऐकायचा. तो आमच्या दारात थांबून म्हणाला, "अम्मा, ये माताजी उनके घर कब जाएंगी? दगडाबाई रोज मेरेकू पूछती. मेरेकू क्या मालूम?"

"तू भेंडी दे," आत्याबाई म्हणाल्या.

तिसऱ्या वेळी दगडाबाई ड्युटीवरून सरळ आमच्याकडे आली. पायरीच्या खाली उभी राहिली, मास्क लावून, हात पदराखाली घेऊन.

"मनकर्णे, मिरवणूक राहू दे. म्या एकटीच नेते. पाणी बी गरम करून ठिवलंय."

आत्याबाईंकडे कारणं संपली होती. त्यांनी हाताला लागेल ते फेकलं.

"तू त्या दवाखान्यात कोरोनावाल्यात काम करती. मायला न्यायची, तिथं दहा लोक येणार, लागण झाली म्हंजी कोन निस्तरणार?"

दगडाबाईने मास्क वर ओढला. मग वळून रस्ता ओलांडून घरात गेली. त्या संध्याकाळी तिच्या कोनाड्यातले बल्ब लागले नाहीत.

मला इतका राग आला की मी मायसमोरच बोलले. "आत्याबाई, पाय खराब झाले तर झाले. पण हे जे बोललात ना, हे कुठल्या नेलपॉलिशने झाकणार?"

त्यांनी जपमाळ उचलली. रोझरीत मात्र दोनदा चुकल्या.

जुलैत राजेंद्रला ताप आला. कंपनी सुरू झाली होती, तिथूनच आला असेल. तपासणी झाली, गाडी आली, त्याला कोविड सेंटरला घेऊन गेले. आमच्या दारावर कागद चिकटवला. महिला मंडळातल्या बायकांनी मोबाइलवर हात जोडलेली चित्रं पाठवली, पण गल्लीत आमच्या दारासमोरून कुणी जाईना. हे मी आता हसत सांगते, तेव्हा मी रात्रभर फोन हातात धरून बसायचे. राजेंद्रचा फोन लागायचा नाही, लागला तर तो नुसता खोकायचा. आत्याबाई मायपुढून उठायच्याच नाहीत. मामा खुर्चीत बसून सापाकडे बघायचे आणि म्हणायचे, "ह्याला कशाला हसवलं मी."

तिसऱ्या दिवशी सकाळी दगडाबाई ड्युटीवरून आली. गल्लीच्या मधोमध उभी राहिली, मास्क हनुवटीवर ओढला आणि सगळ्या छावणीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली.

"मनकर्णे! राजू बरा हाय! माझ्याच वॉर्डात हाय! आज दोन अंडी खाल्ली!"

आत्याबाई धावत खिडकीशी गेल्या.

"अन् पोट साफ झालं का?" त्या तिकडून ओरडल्या.

"झालं! चांगलं झालं!"

त्या दिवसापासून रोज सकाळी गल्लीला माझ्या नवऱ्याच्या पोटाची बातमी मिळायला लागली. ताप किती उतरला, कूस बदलून झोपला का, भात टाकला का खाल्ला, सगळं. हबीब गाडी थांबवून ऐकायचा आणि "माशाल्ला" म्हणून पुढे जायचा. दारावर जेवणाचा डबाही यायचा. ज्वारीची भाकरी, मुगाची आमटी. डबा पायरीवर ठेवून दगडाबाई लांब जाऊन उभी राहायची. मायचं तिने एकदाही नाव काढलं नाही.

राजेंद्र घरी आला, बारीक होऊन. गल्लीने आपापल्या दारातून टाळ्या वाजवल्या. त्याला सगळ्यात जास्त राग पोटाच्या बातम्यांचा आला होता. पण संध्याकाळी चहा पिताना तो म्हणाला, "आई, एक रात्र लई खराब गेली माझी. दम लागत व्हता. दगडामावशी आल्या, म्हणल्या, काय भ्यायचं नाय राजू, माय तुमच्याच घरी हाय. बरं झालं, ती तुमच्याकडंच राह्यली. तुला काय व्हत नाय. अन् माझ्याजवळ बसून रोझरी म्हणल्या."

आत्याबाईंनी कप खाली ठेवला. पदर तोंडाला लावला आणि रडल्या. मग नाक पुसून म्हणाल्या, "सप्टेंबरात मरियेच्या वाढदिवसाला माय तिच्याकडं जाईल. काय व्हायचं ते व्हऊ दे."

काय व्हायचं ते होऊ दे म्हणाल्या खऱ्या, पण आत्याबाई त्या आत्याबाईच. सप्टेंबर उजाडायच्या आत त्यांनी माझ्या जुन्या साडीच्या काठातून मायसाठी झालरीचा घागरा शिवला. कमरेला इलॅस्टिक. पाय, साप, सगळं झाकलं गेलं. राहिलं पाय धुणं. त्यांनी फादरना फोन लावला आणि गोड आवाजात विचारलं, "फादर, आता ह्या रोगाच्या दिवसांत पाय धुवायची रीत बंदच करायला पायजे ना?"

आत्याबाई इतक्या गोड आवाजात सल्ला विचारतायत, हे फादरना नवीन होतं. ते फार खूश झाले. "छे छे, बाई! धुणं कशाला बंद? धुतलंच पाहिजे! साबण लावून चांगलं घासून धुवा!"

आत्याबाईंनी फोन ठेवला आणि कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत बसल्या.

मिरवणुकीला पोलिसांची बंदी होतीच. पण गल्लीला वळसा घातल्याशिवाय मायला नेणं आत्याबाईंना पटेना. मायला काय गॅसच्या टाकीसारखं खांद्यावर मारून न्यायचं का? मग हबीबच म्हणाला, "अम्मा, मेरी गाडी किस वास्ते है? भाजी की गाडी को कोई नै रोकता." त्याने गाडी धुतली, दुधी आणि कोबी कडेला लावले, मधे पाट टाकला. पाटावर माय, अंगावर घागरा, तोंडाला आत्याबाईंनी शिवलेला निळा मास्क. हबीबने गाडी ढकलली. राजेंद्र गिऱ्हाईक असल्यासारखा हातात पिशवी घेऊन बाजूने चालला, दगडाबाई ड्युटीच्या निळ्या साडीतच मागे. बाकी सगळे आपापल्या दारांतून गाणी म्हणत होते. हबीबला वाटलं आपणही काही म्हणायला पाहिजे, म्हणून तो मधेमधे "कोबी ले लो" म्हणत होता.

कोपऱ्यावर पोलीस उभा होता. त्याने काठी आडवी धरली.

"ह्ये काय चाललंय?"

"भाजी, साहब," हबीब म्हणाला.

पोलिसाने मायकडे बघितलं. मास्क बघितला. "अन् ह्या कोन?"

दगडाबाई पुढे झाली. गळ्यातलं दवाखान्याचं ओळखपत्र दाखवलं. "माझी पाव्हणी हाय, साहेब. लई महिने अडकून पडली व्हती. घरी नेते."

पोलिसाने काठी खाली घेतली. एक दुधी मात्र विकत घेतला.

दगडाबाईच्या उंबऱ्यात पाट ठेवला, पाटावर माय. कोमट पाण्याचा तांब्या तयार होता. आत्याबाई, मी आणि मामा रस्त्याच्या कडेला उभे. आत्याबाईंनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बांगडी रुतली.

दगडाबाईने आधी मायचा मास्क काढला. मग खाली बसली आणि घागऱ्याला हात घातला.

"दगडे," आत्याबाई ओरडल्या, "वरच्या वर पाणी सोड! फादर म्हणले!"

"पाय धुवायचे अन् वरच्या वर काय?" म्हणत तिने घागरा वर केला.

ती थांबली. सोललेले पाय, त्यावर बदामी आणि गुलाबी धब्बे, चमकी, आणि खाली कानापर्यंत हसणारा पोपटी साप. गल्लीतलं गाणं एका एका दारात बंद पडलं.

आत्याबाई पुढे झाल्या. अंतर वगैरे विसरून थेट उंबऱ्यापर्यंत गेल्या. "दगडे, म्या केलं. सॅनिटायझर मारमारून रंग घालवला. तुला कळू नये म्हणून मायला अडकवून ठिवली. अन् तुला दवाखान्याचं वंगाळ बोलले, ते बी त्याच्यापायी."

दगडाबाईने इतके दिवस पदराखाली धरलेले हात पाण्यासाठी पुढे केले, तेव्हा मला ते दिसले. दिवसभर रबरी मोज्यात घाम आणि औषधं, त्याने दोन्ही हातांची सालं निघाली होती. बोटं लाल आणि पांढरी, ठिकठिकाणी फाटलेली. तिने ते हात मायच्या पायांजवळ ठेवले, शेजारी शेजारी, आणि जोरात हसली.

"मनकर्णे, बघ. मायनं बी ड्युटी केली म्हणायची."

मग सापाकडे बोट करून म्हणाली, "अन् ह्यो का हसतोय?"

मामा लांबूनच म्हणाले, "त्याला अजून कळलं नाय, पाय कुनाचा हाय ते."

दारादारांतून हसू फुटलं. हबीबला काही कळलं नव्हतं, पण तोही हसला. दगडाबाईने पाय धुतले. कोमट पाणी हातांवरच्या चिरांना झोंबत होतं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं, तरी तिने नीट धुतले, पदराने पुसले आणि मायला उचलून आत नेलं. कोनाड्यात ठेवताना तिने तिचं तोंड खिडकीकडे, म्हणजे आमच्या घराकडे केलं. घागरा काढून बाजूला ठेवला आणि बल्बांची माळ लावली. मायचे पाय सगळ्या गल्लीला लख्ख दिसायला लागले.

"ते झाक ना, दगडे," आत्याबाई पुटपुटल्या.

"काऊन? चांगले हायत."

आत्याबाईंनी तिच्या हातांकडे बघितलं. मग मला म्हणाल्या, "करुणा, खोबरेल तेलाची वाटी आण."

मी आणली. तोवर त्या दगडाबाईच्या उंबऱ्यावर बसल्या होत्या. त्यांनी तिला समोर बसवलं, तिचे दोन्ही हात आपल्या मांडीवर ओढले आणि बोटबोट तेल चोळायला लागल्या. जोर लावून पुसायची सवय असलेल्या त्या बाईचा हात इतका हलका मी कधी बघितला नव्हता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी लपवलं नाही. दगडाबाईने डोळे मिटले होते. तसंच ती म्हणाली,

"मनकर्णे, त्येल लाव. नेलपॉलिश तेवढी लावू नको."